जागा कधी निघणार?

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : ‘जागा कधी निघणार?’ आई विचारते, मामा विचारतो, सकाळी डेअरीत दूध घालायला गेलेल्या पोराला शेजारचे काका विचारतात, ‘काय रं, तलाठ्याच्या जागा निघाल्यात म्हणं?’ ही जागा निघते कुठून, ती ठरवतो कोण आणि अर्ज करताना आपण कोणत्या कामाला होकार देतो आहोत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अभ्यासिकेतली वर्षेच्या वर्षे या अंधारात जातात. म्हणून पुस्तकांची यादी आणि वेळापत्रक बाजूला ठेवून आपण आधी जागाच समजून घेऊ.

१. जागा तयार होते कुठे

प्रत्येक सरकारी खात्याचा एक आकृतिबंध असतो. कोणते पद, किती संख्येने, कोणत्या वेतनश्रेणीत, याचा शासनाने मंजूर केलेला तक्ता म्हणजे आकृतिबंध. कलेक्टर कचेरीपासून पंचायत समितीपर्यंत सगळी पदे अशा तक्त्यांत बांधलेली असतात. कुणी निवृत्त झाले, बढतीने वर गेले किंवा राजीनामा देऊन बाहेर पडले की त्या तक्त्यातले एक घर रिकामे होते. हे झाले रिक्त पद. पण जाहिरातीत यायला त्याला अजून बराच प्रवास करायचा असतो.

समजा, एका खात्यात जिल्ह्याला ४०० पदे मंजूर आहेत आणि त्यातली ४० रिकामी झाली. ही चाळीसच्या चाळीस तुमच्यापर्यंत येत नाहीत. काही पदे सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना अनुकंपा तत्त्वावर जातात. काही खालच्या पदावरच्या माणसांच्या बढतीसाठी ठेवलेली असतात. उरलेल्यांपैकी किती भरायची, याला वित्त विभागाची संमती लागते. मग कोणत्या प्रवर्गाला किती, हे तपासून घ्यावे लागते. त्यानंतर मागणीपत्र निघते. पद लोकसेवा आयोगाकडचे असेल तर ते आयोगाकडे जाते, नसेल तर खात्याने नेमलेल्या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे. चाळिसाचे पंचवीस का झाले आणि दोन वर्षे का गेली, याचे उत्तर या वाटेत आहे.

म्हणून घोषणा आणि जाहिरात यांत फरक करायला शिका. २०२२ मध्ये राज्य सरकारने ७५ हजार पदे भरण्याची घोषणा केली. बातम्या झाल्या, अभ्यासिका भरल्या. त्यातली तलाठ्यांची आणि जिल्हा परिषदांची मोठी भरती प्रत्यक्ष जाहिरातीत आली ती २०२३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात. घोषणा ऐकून नोकरी सोडू नये. जाहिरात पाहून अर्ज करावा आणि अभ्यास दोन्हींची वाट न पाहता चालू ठेवावा.

२. आमच्या प्रवर्गाला शून्य जागा का?

जाहिरात हातात आल्यावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. त्याचे उत्तर समजून घ्यायला कोल्हापूरइतके योग्य गाव दुसरे नाही.

१८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि कारकुनांच्या सुमारे ५०० जागांवर ब्राह्मणेतर होते अवघे १०. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी हुकूम काढला. ते तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम. त्याचे मोठेपण आपण भाषणांत सांगतो, पण त्यातली कारभाराची बारीक नजर सांगायची राहून जाते. ज्या कचेरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक मागासलेल्या वर्गातूनच व्हावी आणि प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता पाठवावा, हेही त्यात होते. सदिच्छेवर सोडून न देता महाराजांनी जागा मोजायला लावल्या. १९१२ पर्यंत ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांची संख्या ३५ वर आली होती.

आजची बिंदुनामावली ही त्याच मोजणीची पुढची पायरी. शंभर पदांना एक ते शंभर क्रमांक देतात आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, हे आधीच ठरलेले असते. महाराष्ट्रात आज अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त-भटक्यांच्या चार गटांना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २, इतर मागासवर्गाला १९, आर्थिक दुर्बलांना १० आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाला १० टक्के आहेत.

आता उदाहरण घेऊ. शंभर पदांच्या खात्यात अनुसूचित जमातींचे ७ बिंदू. त्या खात्यात या प्रवर्गाचे ७ जण आधीच कामाला आहेत. यंदा २० पदे रिकामी झाली, ती सगळी दुसऱ्या प्रवर्गांतली. तर या जाहिरातीत अनुसूचित जमातींसमोर शून्य दिसेल. हक्क गेलेला नाही, बिंदू भरलेले आहेत इतकेच. याउलट एखाद्या प्रवर्गाचा अनुशेष साचला असेल तर एकाच जाहिरातीत त्यांच्या जागा टक्केवारीहून जास्त दिसतात. टक्केवारी पूर्ण खात्याची असते, एका जाहिरातीची नसते. हे एक वाक्य पाठ झाले तर अभ्यासिकेतली निम्मी भांडणे मिटतील.

याला छेदून जाणारे समांतर आरक्षण असते. प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५ टक्के, प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के. आपल्या जिल्ह्यात ही शेवटची दोन फार महत्त्वाची. धरणांत जमिनी गेलेली किती घरे राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीत आहेत आणि त्यांतल्या किती मुलांनी आजोबांच्या नावचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला ट्रंकेतून बाहेरच काढलेला नाही!

३. दोनशेपैकी दोनशे चौदा

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. इतक्या मुलांची संगणकावर एकाच वेळी परीक्षा घेता येत नाही. ती १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी अनेक सत्रांत झाली आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी होती. मग जानेवारी २०२४ मध्ये गुण लागले, तर कुणाला २०० पैकी २१४! राज्यभर संताप उसळला. संशय घेण्याजोगे प्रकार भरतीपरीक्षांत घडलेले असल्यामुळे तो संताप समजण्यासारखा होता. पण २१४ या आकड्यामागे काय असते, हे शांतपणे कुणी सांगितले नाही.

गावच्या दूध संस्थेत दोन घरांनी दहा-दहा लिटर दूध घातले तरी बिल सारखे येत नाही. फॅट लावतात आणि मग भाव ठरतो. नॉर्मलायझेशन म्हणजे गुणांना असा फॅट लावणे. प्रत्यक्षातले सूत्र किचकट आहे, पण त्याचा गाभा सोपा. समजा, सकाळच्या सत्राचा पेपर अवघड निघाला आणि तिथली सरासरी १०० आली. दुपारचा सोपा होता, तिथली सरासरी १२० आली. सकाळच्या मुलीला १४० मिळाले, दुपारच्या मुलाला १५०. मुलगी सरासरीच्या ४० वर आहे, मुलगा ३० वर. एका मापावर आणल्यावर मुलगी पुढे जाते. अवघड सत्रातल्या एखाद्याला मुळातच १९५ च्या आसपास असतील, तर याच हिशेबाने त्याचा आकडा दोनशेच्या पार जातो.

यातून तयारीसाठी एकच गोष्ट घ्यायची. पेपर अवघड गेला म्हणून परीक्षागृहात हातपाय गाळू नयेत, कारण तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. आणि आयोगाच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश वजावट असते, हे विसरून अंदाजाने गोल काळे करत सुटू नये.

४. दारे किती आहेत

आपल्याकडे सरकारी नोकरी म्हटले की तलाठी, पोलीस आणि कलेक्टर एवढी तीनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. दारे त्याहून पुष्कळ आहेत. लोकसेवा आयोग राजपत्रित अधिकारी निवडतोच, शिवाय सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक, दुय्यम निबंधक, कर सहायक आणि लिपिक-टंकलेखकही निवडतो. जिल्हा परिषदेत ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेवक, कनिष्ठ अभियंता. वन विभागात वनरक्षक. महावितरणमध्ये आयटीआय झालेल्यांसाठी विद्युत सहायक. शिक्षकांसाठी पवित्र पोर्टल. रेल्वे आणि बँकांच्या परीक्षा वेगळ्या. टपाल खात्यातले ग्रामीण डाकसेवक तर दहावीच्या गुणांवर घेतले जातात, परीक्षाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कायदा शिकणाऱ्या मुलांनी आता कोर्टाच्या नोकरीकडे नव्याने पाहायला हरकत नाही.

पोलीस भरतीचे गणित वेगळे आहे आणि ते माहीत नसल्याने चांगली मुले मागे राहतात. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदानीत किमान निम्मे गुण लागतात आणि तरीही सगळे लेखीला जात नाहीत. एका जागेला दहा, या प्रमाणात बोलावतात. तुमच्या प्रवर्गात १२ जागा असतील तर साधारण १२० जण. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पहाटे धावणाऱ्या मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटरची वेळ तोंडपाठ असते. मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर कापले तर २० पैकी २०. पण गोळाफेकीचे १५ गुण आहेत आणि तिचा सराव करताना फार कमी जण दिसतात. धावण्यातले शेवटचे पाच सेकंद कमी करायला महिने लागतात. गोळ्याचे तंत्र नीट शिकवणारा भेटला तर ते गुण लवकर हाती येतात.

५. एक पद जवळून : तलाठी

१९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द केली. तोपर्यंत गावचे दप्तर एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. गावात कुणाची जमीन किती, सारा किती, कुणाचे नाव लागले आणि कुणाचे उडाले, हे सगळे त्या घरात. महाराजांनी त्या जागी पगारी तलाठी नेमले, त्यांना शिकवून तयार केले आणि त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली मुलेही घेतली. पद कुणाच्या घरचे उरले नाही. आज आपण ज्या लांबलचक भरतीला कंटाळतो, ती पद कुणाच्या घरचे होऊ नये म्हणूनच तशी आहे, असे मला वाटते.

२०२४ मध्ये तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गाव अजून तलाठीच म्हणते. त्याचे रोजचे काम काय? वारसनोंद घेऊ. शिरोळकडच्या एका घरातला कर्ता माणूस वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. घरचे अर्ज आणि मृत्यूचा दाखला देतात. तलाठी आधी गाव नमुना ६क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, नोंद घेतो आणि वारस कोण याची गावात चौकशी करतो. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार घालतो आणि संबंधितांना नोटीस काढतो. हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि नवी नावे सातबाऱ्यावर चढतात.

कागदावर हे चार टप्पे. प्रत्यक्षात थोरला भाऊ हळूच म्हणतो, ‘ताईचं नाव कशाला घालताय साहेब, ती नांदतीया की तिकडं सुखानं.’ कायद्याने मुलगी वारस आहे. तिने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले तर गोष्ट वेगळी, नाहीतर तिचे नाव लागलेच पाहिजे. त्या क्षणी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी गावाच्या दबावाविरुद्ध पेन हातात घेऊन बसलेली असते. लोकसेवा म्हणजे काय, हे मला याहून नेमके सांगता येत नाही.

आणि पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी हे आकडे जिल्ह्यातल्या लहान पोरांनाही पाठ करायला लावले. पाणी चाळिशीकडे सरकले की चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी घरोघर फिरून माणसे आणि जनावरे हलवायला सांगतात. म्हातारी गोठा सोडून निघत नाही, तिची समजूत घालावी लागते. पाणी उतरल्यावर पंचनामे. किती भिंती पडल्या, किती गुंठे ऊस कुजला, कुणाची म्हैस वाहून गेली. पंचनाम्यात ओळ चुकली तर त्या घराची मदत अडते. हे काम ज्याला करावेसे वाटते, त्याने तलाठ्याचा अर्ज करावा. ज्याला फक्त ‘गावात मान’ हवा आहे, त्याला पहिलाच ऑगस्ट जड जाईल.

६. मोठी परीक्षा

कागल तालुक्यातल्या यमगे गावच्या मेंढपाळ घरातले बिरदेव डोणे यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेत देशात ५५१ वे आले. एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला तेव्हा ते मेंढरांसोबत होते आणि तो फोटो प्रत्येक मोबाइलवर गेला. त्याआधी ते पुण्याच्या सीओईपीतून स्थापत्य अभियंते झाले होते, हे त्या फोटोत दिसत नाही. अभ्यासाची बैठक आधीची होती. त्याही आधी, कोल्हापूरच्या भूषण गगराणींनी हीच परीक्षा मराठीतून देऊन १९९० च्या तुकडीत भारतीय प्रशासकीय सेवा गाठली आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वाट मोकळी केली.

उमेद धरावी, पण आकडेही पाहावेत. बिरदेव उत्तीर्ण झाले त्या परीक्षेला सुमारे ९ लाख ९३ हजार अर्ज आले, पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजार बसले आणि निवड झाली १,००९ जणांची. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. लेखी १७५० आणि मुलाखत २७५, अशी बेरीज आता यूपीएससीइतकीच, म्हणजे २०२५ गुणांची. त्यामुळे दोन्हींचा अभ्यास एकत्र करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. पण केवळ पर्याय ओळखण्यावर तयारी केलेल्यांना आता रोज लिहावे लागेल.

पुण्याला जाऊन खोलीभाड्यात आणि क्लासमध्ये घरचे पैसे ओतण्याआधी कोल्हापुरात काय आहे ते पाहा. राजाराम कॉलेजच्या आवारात शासनाचे प्रशासकीय सेवा पूर्वप्रशिक्षण केंद्र आहे, त्याला प्रवेश परीक्षेतून जावे लागते. २६ जून २०२१ रोजी, शाहू जयंतीला, ‘सारथी’ या शासकीय संस्थेचे उपकेंद्र सुरू झाले. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे.

७. पगार, पेन्शन आणि किती वर्षे?

लिपिक-टंकलेखकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये, पोलीस शिपायाचे २१,७००, तलाठ्याचे २५,५००, पोलीस उपनिरीक्षकाचे ३८,६०० आणि उपजिल्हाधिकाऱ्याचे ५६,१००. यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. जुन्या पेन्शनऐवजी अंशदानाची योजना आहे, तिचा हिशेब असा : मूळ वेतन २५,५०० आणि महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरला तर बेरीज ३८,२५०. तुमचे १० टक्के, म्हणजे ३,८२५ रुपये कापले जातात, शासन १४ टक्के, म्हणजे ५,३५५ घालते. लग्नाच्या बाजारात नोकरीची किंमत लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

वर्षे किती द्यावीत? माझे मत स्पष्ट आहे : पूर्ण वेळ तयारीला तीन वर्षांहून जास्त देऊ नयेत, आणि त्या तीन वर्षांतही एक हातचे कौशल्य कमवावे. मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग आला तर लिपिकाचे दार उघडते आणि बाहेरही तो कामी येतो. खुल्या गटाला आयोगाच्या परीक्षांसाठी ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. ती सवलत म्हणून चांगली आहे. पण तिशी ओलांडलेल्या मुलाला अभ्यासिकेत बसून राहायला तीच मर्यादा भाग पाडते, हेही मी पाहतो. नोकरी करत परीक्षा देणाऱ्यांसाठी ती ठेवावी.

या काळात कुणीतरी भेटतोच. ‘वरपर्यंत ओळख आहे, इतके लाख द्या, जागा पक्की.’ जमीन गहाण टाकून पैसे दिलेली घरे प्रत्येक तालुक्यात सापडतील. २०२४ मध्ये राज्याने स्पर्धा परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. असे पैसे देणे हा गुन्हा आहे.

८. जाहिरातीआधीचे कागद

निवडयादीत नाव येऊन कागदपत्र पडताळणीत बाद झालेली मुले पाहिली की जीव तुटतो, कारण तिथे अभ्यास कमी पडलेला नसतो. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालू असावी लागते. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, तो अर्ज कॉलेजात असतानाच करावा. खेळाडूंनी पदक आरक्षणाच्या पातळीत बसते का हे पाहून प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडून आधीच करून घ्यावी. तालमीत नाव असणे पुरत नाही. आणि दहावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहावे. एकावर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तू’ असेल तर आत्ताच दुरुस्तीच्या मागे लागा. जाहिरात निघाली की अर्जाला मिळतात जेमतेम तीन-चार आठवडे, आणि तहसील कचेरीतली रांग त्याच आठवड्यांत सर्वांत मोठी असते.